पिंटोंच्या बंडाला हसणाऱ्यांसाठी

परवा पणजीत संमोहनविद्येसाठी गाजलेल्या गोंयकार पाद्री आबे फारियाच्या पुतळ्यापाशी एक गाईड पर्यटकांना पिंटोंचं बंड, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज राज्याविरुद्ध कांदोळी गावच्या पिंटो घराण्याकडे शिजलेला कट, सांगत होता. "सैनिकांच्या पावात विष घालून राज्य घेणार होते, पण बोभाटा झाला!" सगळे खो खो हसले. दोघे तर पुतळ्यासारखे हात पसरून फोटो काढत होते. मला राहवलं नाही. तिथे जे बोललो, तेच इथे लिहितोय.

बंड फसलं, आणि वाईट फसलं, हे खरंच. 1787 साल, बेत 10 ऑगस्टचा, भर पावसातला. पाद्री, लष्करातले अधिकारी, त्यांचे सोयरेधायरे, इतक्या तोंडी गेलेली गोष्ट पोटात राहणार कशी? उठाव होण्याआधीच धरपकड झाली. 47 माणसं पकडली, त्यात 17 पाद्री आणि 7 लष्करी अधिकारी. आणि ही पावाची हकिगत मुळात कुणाच्या दप्तरातली? ज्यांनी त्यांना फासावर दिलं त्यांच्या. एवढं तरी ध्यानात ठेवा.

1761 मध्ये पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल याच्या सरकारने फर्मान काढलं होतं की ख्रिस्ती झालेला गोंयकार आणि पोर्तुगीज यांत भेद नाही. कागदावर. फादर कुतो आणि फादर गोन्साल्विस त्याच भरवशावर थेट लिस्बनपर्यंत गेले. शिकलेली, लायक माणसं. रिकाम्या हाताने परत आली. त्यानंतर कांदोळीला पिंटोंकडे कुजबुज सुरू झाली.

आमच्या सत्तरी तालुक्यात पोर्तुगीजांविरुद्ध बंड करणाऱ्या दीपाजी राण्यांचं नाव पोरासोरांना पाठ असतं. पिंटोंचा विषय निघाला की मात्र आमचेच लोक म्हणतात, "ते पाद्रींचं पदांसाठीचं भांडण." मग राण्यांच्या बंडांत मोकाशांच्या, म्हणजे इनामी जमिनींच्या, हक्कांचा प्रश्न नव्हता का? होता. तरी आपण त्यांना वीर म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. कांदोळीच्या माणसांना वेगळं माप का लावायचं? नाव पिंटो म्हणून?

13 डिसेंबर 1788 ला पणजीत 15 जणांना मारलं. पाद्रींना लिस्बनला नेऊन खटला न चालवता वर्षानुवर्षं कोंडलं. गोन्साल्विस निसटले, ते कलकत्त्यात राहिले.

आबे फारियाही कांदोळीचाच. त्याचं नाव या कटाशी जोडलं जातं. त्याचा तो पुतळा घडवला मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी, 1945 साली, पोर्तुगीज राज्य असतानाच. एका हिंदू शिल्पकाराला कांदोळीचा पाद्री आपला वाटला होता.

19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, आपण झेंडावंदनाला जातो. त्याच्या सहा दिवस आधीची तारीख कुणाच्या गावीही नसते. यंदा 13 तारखेला मी सकाळी नऊला त्या पुतळ्यापाशी फुलं घेऊन उभा असेन. कुणी येणार असेल तर या.