मॅककेब-थीले आकृती कालबाह्य झाल्याच्या दाव्याविषयी

ऊर्ध्वपातनाच्या आलेखी पद्धती आता शिकवू नयेत, असे सांगणारा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. मॅककेब-थीले आकृती (ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात किती टप्पे लागतील हे आलेखावर पायऱ्या काढून ठरवण्याची पद्धत) केवळ आदर्श मिश्रणांना चालते, दोनपेक्षा अधिक घटक असले की ती निरुपयोगी ठरते आणि संगणकावरील सिम्युलेटर अचूक उत्तर देत असताना कागदावर पायऱ्या काढण्यात अर्थ नाही, असे त्याचे तीन मुद्दे आहेत.

पहिल्या मुद्द्यात दोन गृहीतकांची गल्लत झाली आहे. १९२५ साली मांडलेल्या या पद्धतीत समतोल वक्र (द्रव आणि त्याच्याशी समतोलात असलेली वाफ यांतील घटकाच्या प्रमाणांचा संबंध दाखवणारा) कोणत्याही आकाराचा असू शकतो, कारण तो मोजलेल्या माहितीवरूनही काढता येतो. कार्यरेषा (स्तंभात वर जाणारी वाफ आणि खाली येणारा द्रव यांतील घटकाच्या प्रमाणांचा संबंध दाखवणारी) सरळ राहण्यासाठी मात्र घटकांची प्रति मोल बाष्पन-उष्णता जवळपास सारखी असावी लागते. बेंझिनसाठी ती उत्कलनबिंदूला सुमारे ३०.७ आणि टोल्युइनसाठी सुमारे ३३.२ किलोज्यूल आहे, म्हणून या जोडीला ही पद्धत चांगली लागू पडते. जिथे हा फरक मोठा असतो, तिथे त्याहूनही जुनी, एन्थाल्पी (पदार्थातील उष्णता-ऊर्जा) विचारात घेणारी पॉन्शॉन-सॅव्हरिट आकृती आहे.

दुसरा मुद्दा अंशतः खरा आहे. कच्च्या तेलाच्या स्तंभासाठी दोन अक्षांचा आलेख पुरणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु मोजक्या घटकांच्या मिश्रणात, ज्यांच्यामध्ये विभाजन हवे आहे ते हलका आणि जड असे दोन मुख्य घटक निवडून हेंगस्टेबेकच्या पद्धतीने तशीच आकृती काढता येते.

तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो. सिम्युलेटरचे उत्तर त्याला दिलेल्या समतोलाच्या माहितीइतकेच विश्वासार्ह असते. प्रोपिलीन-प्रोपेनच्या विभाजनात वर ९९.५ टक्के प्रोपिलीन आणि तळाशी ९५ टक्के प्रोपेन हवे असेल, तर फेन्स्केच्या समीकरणाने सापेक्ष बाष्पनशीलता (एका घटकाची दुसऱ्यापेक्षा किती सहज वाफ होते याचे माप) १.१२ धरल्यास किमान टप्पे सुमारे ७३ येतात, १.१० धरल्यास सुमारे ८६. इतक्या दाटीच्या पायऱ्या हाताने काढणे व्यवहार्य नाही, हे खरे. पण समतोल वक्र कर्णाला (वाफ आणि द्रव यांतील प्रमाण सारखेच असल्याच्या रेषेला) किती चिकटून आहे हे एकदा पाहिलेल्या अभियंत्याला दुसऱ्या दशांश स्थळाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

बेंझिन-टोल्युइनचे उदाहरण याहून बोलके आहे. उत्कलनबिंदूवरील द्रवरूप, निम्मे बेंझिन असलेली फीड (स्तंभात सोडले जाणारे मिश्रण), वर ९५ टक्के बेंझिन आणि सापेक्ष बाष्पनशीलता २.५ घेतल्यास किमान रिफ्लक्स गुणोत्तर (वरून स्तंभात परत सोडलेला द्रव आणि बाहेर काढलेले उत्पादन यांचे प्रमाण) सुमारे १.१ येते. कोणी ते १.० दिले, तर सिम्युलेटर कितीही ट्रे (स्तंभातील टप्पे) वाढवले तरी अपेक्षित शुद्धता गाठत नाही, किंवा गणित जुळले नाही एवढाच संदेश देतो. आकृतीत मात्र वरची कार्यरेषा फीड-रेषेपर्यंत (फीडची स्थिती दाखवणाऱ्या रेषेपर्यंत) पोहोचण्याआधीच समतोल वक्राला छेदताना दिसते आणि दोष ट्रेंच्या संख्येत नसून रिफ्लक्समध्ये आहे, हे तिथेच कळते.