‘चोवीसशे रुपये घेऊन हातात दगड दिला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. तुमच्या काजू कटिंग मशीनच्या बेस प्लेट आणि ब्लेड होल्डर या दोन भागांच्या सॉलिडवर्क्स (कॉम्प्युटरवर थ्रीडी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) पार्ट फाईल उघडेनाशा झाल्या होत्या. आम्ही तीन दिवस फिरवलं, २४०० रुपये घेतले आणि परत दिलेली फाईल म्हणजे ‘नुसता दगड, दिसतो पण एडिट होत नाही’, असं तुमचं म्हणणं. शिवाय ‘त्याच फोल्डरमध्ये टेम्पररी फाईल होती, तीसुद्धा यांना उघडता आली नाही.’

तीन दिवसांतला पहिला दिवस आमच्या चुकीने गेला, ते आधी कबूल करते. तुमची फाईल सॉलिडवर्क्सच्या २०२४ व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर २०२२ व्हर्जन. जुन्या व्हर्जनमध्ये नवी फाईल उघडत नाही आणि स्क्रीनवर तसा मेसेजही येतो. आमच्या नव्या मुलाने तो न वाचताच तुम्हाला फोन केला, ‘फाईल करप्ट आहे’ म्हणून. करप्ट ती होतीच, पण ते आतल्या २०२४ च्या कॉम्प्युटरवर लावल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं. निदान बरोबर निघालं ते नशिबाने. त्याला मी जे बोलायचं ते बोलले आहे.

आता पेन ड्राइव्ह. मिरगाच्या पहिल्या पावसात, काजूगराच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून तुम्ही तो आणलात. तोंडावर गंजाचे तपकिरी ठिपके होते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचं हे काही नवीन नाही. मूळ फाईलवर आम्ही कधीच काम करत नाही, आधी कॉपी काढतो. ती कॉपीच तीनदा मध्ये अडकली. तुम्हीच सांगितलंत की फाईल थेट पेन ड्राइव्हवर उघडून काम चालू होतं आणि सेव्ह होत असतानाच लाईट गेली.

बेस प्लेटच्या फाईलचं काय झालं होतं, ते मी तुमच्या भावाला स्क्रीनवर दाखवलं होतं. एक्सप्लोररमध्ये साईज व्यवस्थित, चार एमबीच्या वर. हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाईलमधला कच्चा डेटा आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडली तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ०० ०० ०० ००, म्हणजे रिकामी. फाईलचं नाव आणि साईज नोंदली गेली, पण आतला मजकूर मेमरीतून पेन ड्राइव्हवर उतरायच्या आधीच वीज गेली. बाहेर पाटी आहे, आत घर नाही. अशी फाईल कोणत्याही रिपेअर टूलने परत येत नाही. कोणी ‘करून देतो’ म्हणालं तर पैसे आधी देऊ नका.

टेम्पररी फाईलबद्दल. नावाच्या सुरुवातीला ~$ असलेली ती लपलेली फाईल म्हणजे ‘ही फाईल अमक्याने उघडली आहे’ एवढं सांगणारं कुलूप. तिच्यात उघडणाऱ्याचं युजरनेम असतं. भूमिती नाही, स्केच नाही, काही नाही. नाव बदलून उघडायचा प्रयत्न तुम्ही घरी केला होतात, आम्ही केला नाही, कारण त्यातून काही निघत नाही. खरा आधार असतो तो ऑटो-रिकव्हरच्या (काम चालू असताना सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं त्या प्रती) आणि बॅकअपच्या (सेव्ह करताना आधीची ठेवलेली प्रत) फोल्डरचा. सेटिंगमध्ये या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे बॅकअप बंद होता आणि ऑटो-रिकव्हरच्या प्रती ज्यात होत्या ते टेम्प फोल्डर आदल्याच आठवड्यात जागा करण्यासाठी साफ केलेलं होतं. कोणी केलं ते इथे लिहीत नाही.

आता दगडाकडे येते. ब्लेड होल्डरची फाईल उघडायला गेलं की सॉफ्टवेअरच बंद पडायचं. म्हणून नवा कोरा पार्ट घेऊन त्यात ती ‘इन्सर्ट पार्ट’ने आणली. तिथे बॉडी, म्हणजे नुसता घन आकार, आली. ती पॅरासॉलिडमध्ये (फक्त आकार साठवणारा फाईल प्रकार) बाहेर काढली, परत आत घेतली, इम्पोर्ट डायग्नोस्टिक्स (आकारातले दोष शोधणारं टूल) लावलं. फिलेटजवळचे (गोल केलेल्या कडेजवळचे) दोन फेस, म्हणजे पृष्ठभाग, फाटलेले होते, ते शिवले. आकार आणि मापं जशीच्या तशी, पण फीचर ट्री, म्हणजे भाग कोणत्या पायऱ्यांनी बनला त्याची यादी, गेली. स्केच कुठलं, एक्स्ट्रूड किती, होल कोणत्या क्रमाने, हा सगळा इतिहास पॅरासॉलिडमध्ये जातच नाही. आमच्या धंद्यात याला डंब सॉलिड म्हणतात. तुमचा ‘दगड’ त्याहून नेमका आहे, खोटं कशाला बोलू.

पण ‘एडिट होत नाही’ हे बरोबर नाही, आणि खरी चूक आमची इथे झाली. तुम्हाला ब्लेडची खाच ३ मिमीवरून ४ मिमी करायची होती. ‘मूव्ह फेस’ घ्या, खाचेची एक भिंत निवडा, १ मिमी बाहेर सरकवा. खाच मध्यावर हवी असेल तर दोन्ही भिंती अर्धा अर्धा मिमी. नको असलेलं भोक ‘डिलीट फेस’ने बुजवता येतं. दोन मिनिटांचं काम. हे तुम्हाला काउंटरवर करून दाखवायला हवं होतं. त्याऐवजी ‘फाईल ओके झाली’ म्हणून ती दुसऱ्या पेन ड्राइव्हवर हातात ठेवली. घरी जाऊन उघडल्यावर डाव्या बाजूला फक्त ‘इम्पोर्टेड’ एवढी एकच ओळ दिसली तर कुणालाही फसवल्यासारखंच वाटेल.

बेस प्लेट मात्र दगड नाही, हे रिव्ह्यूत राहून गेलं. तिची ड्रॉइंग फाईल (मापं लिहिलेला आराखडा) शाबूत होती. सॉलिडवर्क्सच्या डिटेलिंग मोडमध्ये मूळ पार्ट फाईलशिवाय ड्रॉइंग उघडतं. त्यातली मापं वाचून प्लेट पहिल्यापासून नव्याने मॉडेल केली, ट्रीसकट. बोल्टच्या एका पीसीडीचं (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाचं) माप ड्रॉइंगवर नव्हतं. ते तुम्ही शेडमधून व्हर्निअर लावून फोनवर सांगितलंत, आठवत असेल.

पैशांचं. २४०० पैकी ९०० या प्लेटचे होते आणि ते काम तुम्हाला न विचारता केलं. चांगल्या हेतूने केलं तरी विचारायला हवं होतं. ते ९०० ज्या नंबरवरून आले त्याच नंबरवर आज परत पाठवले आहेत. होल्डरचे १५०० परत करणार नाही, ते काम झालं आहे. होल्डरची ट्री नव्याने बांधून हवी असेल तर साधारण अर्ध्या दिवसाचं काम आहे. पैसे किती लागतील ते आधी सांगू, पटलं तर हात लावू. नुसती खाच वाढवायची असेल तर कुडाळला येणं झालं की या, समोर बसून करून देते. त्याचे काही घेणार नाही.

येताना असेंब्लीची (सगळे भाग जोडलेल्या पूर्ण मशीनची) फाईलही आणा, होल्डर तिच्यात बसतो की नाही तेही बघू. आणि फाईल नव्या पेन ड्राइव्हवर आणा. कॉम्प्युटरवर सेव्ह करून मग कॉपी केलेली, थेट पेन ड्राइव्हवर उघडलेली नको. जुना ड्राइव्ह तुम्ही इथेच विसरलात. पिशवीसकट ड्रॉवरमध्ये ठेवला आहे.