'एक फ्लॅट विका, लाख कमवा': त्या फॉरवर्डला एका ब्रोकरचं उत्तर

परवा भाच्याने एक मेसेज पाठवला. त्याआधी तोच मेसेज तीन ग्रुपवर येऊन गेला होता. त्यातला मजकूर असा: 'रिअल इस्टेटमध्ये या! शिक्षणाची अट नाही, भांडवल नको, डोक्यावर साहेब नाही. गोड बोलता आलं आणि चार ओळखी असल्या की झालं. महिन्याला एक फ्लॅट विकला तरी लाख रुपये सुटतात.' खाली कोट घातलेल्या माणसाचा फोटो. भाच्याचा प्रश्न एका ओळीचा: "मामा, सोडू का नोकरी?"

तो चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. मी पुण्याजवळ वाकड-रावेत-पुनावळे पट्ट्यात चौदा वर्षं ब्रोकर आहे. मेसेज निव्वळ थापा असता तर पुसून टाकला असता. पण त्यात थोडं खरंही आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी तो लाख घेतो, कारण बाकीच्या ओळी लोक त्या आकड्यासाठीच वाचतात.

धरा, बिल्डरचा ६० लाखांचा फ्लॅट आणि २ टक्के ब्रोकरेज. १ लाख २० हजार. हिशोब बरोबर आहे की! फक्त हे पैसे कोणाला आणि कधी मिळतात, ते मेसेजमध्ये नाही. नवा माणूस बहुधा आधीच जम बसलेल्या एखाद्या ब्रोकरच्या हाताखाली काम करतो, म्हणजे त्यातला मोठा वाटा त्या ब्रोकरचा. उरलेल्यातून टीडीएस, पेट्रोल, जाहिरातीचा खर्च. नुसत्या बुकिंगवर बिल निघत नाही. रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर लगाम ठेवणारा कायदा. त्यानुसार करारनाम्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर होणार, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होणार, मग आपलं बिल. ते काही बिल्डर दोन महिन्यांत चुकतं करतात, काही चपला झिजवायला लावतात. मधेच कर्ज नामंजूर झालं की बुकिंग रद्द आणि आपल्या हातात शून्य. माझं पहिलं बुकिंग दसऱ्याला झालं आणि चेक हातात आला होळीनंतर. तेवढे महिने घर बायकोच्या पगारावर चाललं.

त्यात टॅगिंगची भानगड. आपण गिऱ्हाइकाला साइट दाखवली की ते ठरावीक दिवसांसाठी आपल्या नावावर लागतं. मुदत उलटल्यावर ते दुसऱ्याबरोबर आलं, तर ब्रोकरेज दुसऱ्याचं. आपण चार रविवार त्याच्या सासूबाईंनाही फ्लॅट दाखवलेला असतो, पण ते कोण मोजतं?

आणि 'महिन्याला एक'? पितृपक्षात पंधरा दिवस कुणी टोकन द्यायला तयार होत नाही. मग दसरा-दिवाळीला झुंबड उडते, पाडव्याला पुन्हा थोडी. माझं वर्षाचं उत्पन्न चार-पाच ढेकळांत येतं, आणि मधल्या महिन्यांतही घराचा हप्ता मात्र पाच तारखेलाच जातो.

म्हणजे 'भांडवल नको' हेही निकालात निघालं. दुकान नसलं तरी चालतं, पण सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा लागतो. माझ्याबरोबर सुरू केलेल्यांपैकी जे सोडून गेले, त्यातले बहुतेक बोलण्यात माझ्यापेक्षा हुशार होते. त्यांचे पैसे आधी संपले.

शिक्षणाच्या अटीबद्दल मेसेज अर्धा खरा. पदवी लागत नाही. भाड्याची घरं आणि जुन्या फ्लॅटची पुनर्विक्री एवढंच करायचं, तर रेराची नोंदणीही सक्तीची नाही. पण रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकायचा तर एजंट म्हणून नोंदणी हवीच. २०२३ साली महारेराने, म्हणजे रेरा राबवणाऱ्या आपल्या राज्याच्या प्राधिकरणाने, त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. नोंदणी नसताना विकलंत तर दंड दिवसाला १० हजार रुपये, तो फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो.

गोड बोलण्याचं म्हणाल, तर एक प्रसंग सांगतो. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका फंडाचे पैसे घेऊन आले. मावळात प्लॉट बघून ठेवला होता, व्यवहार माझ्यामार्फत करायचा होता. मी सातबारा काढला. जमीन शेतीची, भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकताच येणार नाही. शिवाय काका शेतकरी नाहीत, आणि आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. मी स्पष्ट सांगितलं, घेऊ नका. काकांना वाटलं, मला माझा दुसरा प्लॉट खपवायचाय. त्यांनी फोन घेणंच बंद केलं. गोड बोलणारा माणूस त्या दिवशी ब्रोकरेज घेऊन गेला असता. या कामात जिभेपेक्षा सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) हे वाचायची चिकाटी जास्त लागते. ते कंटाळवाणं वाटत असेल तर विचार करा. (भाच्याला ड्रॉइंग वाचून चूक काढायची सवय आहे. मेसेजच्या हिशेबात हा गुण कुठेच बसत नाही.)

ओळखींबद्दल थोडक्यात: ओळखीचा माणूस 'घरचंच आहे, तुला काय द्यायचं' म्हणतो आणि ब्रोकरेज चहावर मिटवतो. मला पोसलंय अनोळखी माणसांनी आणि त्यांनी पुढे पाठवलेल्या अनोळखी माणसांनी.

डोक्यावर साहेब नाही, हे मात्र खरं. त्याच्या जागी गिऱ्हाईक असतं, आणि ते शनिवार-रविवारीच मोकळं असतं. गेल्या चौदा वर्षांत नात्यातली किती लग्नं मी संध्याकाळी आहेर देण्यापुरती गाठली, ते माझ्या बहिणीला विचारा.

या धंद्याला वयाची अट नाही, हे मेसेजवाल्याला सुचलंच नाही. मुलं मोठी झाल्यावर सुरू केलेल्या दोन बायका माझ्या भागात उत्तम काम करतात. कुठल्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो, कुठे पार्किंगवरून भांडणं आहेत, हे त्यांना तोंडपाठ. दोघींच्याही घरी दुसरा पगार येतो.

भाच्याला कळवलंय, राजीनामा देऊ नकोस. दोन महिने शनिवार-रविवार माझ्याबरोबर फीर. एक दिवस रजा टाकून दुय्यम निबंधक कार्यालयात बस, सर्व्हर बंद पडल्यावर खरेदीदार आणि विक्रेता दोघांना कसं थोपवून धरायचं ते बघ. महारेराच्या संकेतस्थळावर एका प्रकल्पाचं पान उघड. मंजूर आराखडे, ताब्याची तारीख, कोर्टातले दावे वाच आणि मला पाच मिनिटांत समजावून सांग. या दोन महिन्यांत पैसा मिळणार नाही, हेही लिहिलंय.

या शनिवारी येतोय. पुनावळ्याच्या साइटवर लिफ्ट चालू झालेली नाही आणि गिऱ्हाइकाला अकराव्या मजल्यावरचाच फ्लॅट बघायचाय. बूट घालून ये, म्हटलंय.