रत्नाच्या पिकचा स्वर दगडात नसतो, कडेत असतो

गिटार आणि मेंडोलिन वाजवणाऱ्यांमध्ये हाताने घडवलेल्या रत्नांच्या पिकविषयीचा (पिक म्हणजे तार छेडायची लहान चपटी चकती) एक मजकूर सध्या पुष्कळ फिरतो आहे. प्रत्येक रत्नाचा स्वर निराळा असतो, स्फटिकातली विद्युतऊर्जा तारेत उतरते, असे पिक आयुष्यभर टिकते आणि प्लास्टिक टाळल्यामुळे त्याने कोणाचेही नुकसान होत नाही, असे चार दावे त्यात आहेत. मी स्वतः अकीकाचे पिक वापरतो आणि ते मला मनापासून आवडते. म्हणूनच हे उत्तर लिहावेसे वाटले, कारण जे श्रेय घडवणाऱ्या कारागिराचे आहे, ते हा मजकूर दगडाच्या नावावर जमा करतो.

जांभळ्या ॲमेथिस्टचा आवाज ऊबदार आणि पिवळ्या सिट्रीनचा झळाळता, असे त्यात म्हटले आहे. खनिज म्हणून हे दोन्ही एकच, म्हणजे क्वार्ट्झ. त्यातल्या अत्यल्प लोहामुळे रंग वेगळा दिसतो, आणि ॲमेथिस्ट तापवून सिट्रीन म्हणून विकण्याची पद्धत बाजारात जुनी आहे. ऐकू येणारा फरक मात्र खरा आहे, फक्त त्याचे कारण दुसरे आहे. पाऊण मिलिमीटर जाडीचे नायलॉनचे पिक तारेवर टेकताच वाकते आणि तार सुटताना पुन्हा सरळ होते; तीन मिलिमीटर जाडीचा अकीक वाकतच नाही, त्यामुळे तार किती ओढायची आणि केव्हा सोडायची हे सर्वस्वी मनगटाकडे राहते. तार अरुंद, टोकदार कडेवरून सुटली तर वरचे उपस्वर अधिक उमटतात आणि रुंद, गोलसर कडेवरून सुटली तर ते दबतात. एकाच अकीकाची दोन पिके, एक अणकुचीदार आणि एक गोल टोकाचे, लागोपाठ वाजवून पाहिली की हे कानाला लगेच कळते. सरोदियांना तर हे वेगळे सांगायला नको; नारळाच्या करवंटीचा जवा, म्हणजे सरोदचे पिक, ते कड हवी तशी येईपर्यंत घासत बसतात, आणि करवंटीला कोणी रत्न म्हणत नाही.

ऊर्जेचा दावा एका खऱ्या शोधाच्या आडोशाने केलेला आहे. क्वार्ट्झवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण तो ठरावीक दिशेने कापलेला एकसंध स्फटिक असतो आणि त्याला बॅटरी चालवते. अकीकही क्वार्ट्झच, पण तो असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो. त्यांची तोंडे निरनिराळ्या दिशांना असल्याने तो परिणाम बहुतांशी आपसांतच नाहीसा होतो. तारेला हलवणारी ऊर्जा वाजवणाऱ्याच्या हातातून येते.

टिकाऊपणाबाबत काठिण्य आणि चिवटपणा यांची गल्लत झाली आहे. क्वार्ट्झचे काठिण्य १ ते १० अशा मोहस् मापावर ७ आहे, म्हणजे त्याच्यावर सहजी ओरखडा उठत नाही. पण शहाबादी फरशीवर पडले तर त्याच पिकचा टवका उडतो. नेफ्राइट जेडचे काठिण्य ६ ते ६.५, तरी त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ते फुटायला फार अवघड. फ्लुओराइट ४ वर आहे, त्यामुळे पोलादी तार त्यालाच झिजवते. फिरोजा म्हणून विकला जाणारा पुष्कळसा माल हाउलाइट नावाचा रंगवलेला पांढरा दगड असतो आणि तो त्याहूनही मऊ.

इथे मजकुरात नसलेली एक गोष्ट सांगायला हवी. मी मागवलेल्या एका जांभळ्या पिकची कड भिंगाखाली करवतीसारखी दिसत होती. तासाभराच्या वादनानंतर गिटारच्या काळ्या पट्टीवर सोनेरी भुकटी साचली होती; ती खर्जाच्या तारांवर गुंडाळलेल्या फॉस्फर ब्राँझची होती. तोच दगड नीट पॉलिश केलेला असता तर तारेवरून अलगद घसरला असता. हल्ली कोणतेही नवे पिक मी आधी नखावरून फिरवून पाहतो. पांढरी रेघ उठली तर ते तारेला लावत नाही.

कोणाचेही नुकसान होत नाही, हा शेवटचा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. आपल्याकडच्या अकीककामाचे जुने केंद्र गुजरातमधले खंबायत आहे. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तो कोरडा घासला की उडणारी बारीक धूळ फुप्फुसांत रुतून बसते आणि त्यातून सिलिकोसिस होतो, ज्यातून फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत. खंबायतच्या कारागिरांमधला हा आजार सर्वज्ञात आहे, आणि दगड घासायचे चाक घरातच असेल तर धूळ बायकामुलांच्याही श्वासात जाते. चाकावर पाण्याची धार आणि धूळ ओढून घेणारा पंखा असला की हा धोका पुष्कळ कमी होतो, पण दोन्हींना पैसे लागतात. मातीमोल भावाने विकल्या जाणाऱ्या ‘हस्तनिर्मित’ पिकमध्ये तो खर्च धरलेला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यामुळे दगड कोणता हे विचारण्याआधी तो ओला घासला की कोरडा, हे मी विक्रेत्याला विचारतो. गेल्या खेपेला चौघांना विचारले. एकाने पाणी सोडलेल्या चाकाची चित्रफीत पाठवली आणि माझे सध्याचे पिक त्याच्याकडचे आहे.