ग्रीक १४५३ नंतर इटलीत आलं म्हणता, मग ग्वारिनो चाळीस वर्षं काय शिकवत होता?

एक फॉरवर्ड सारखा फिरतोय, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समधेही तेच असतं: १४५३ ला तुर्कांनी बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) घेतलं, तिथले ग्रीक पंडित पोथ्या घेऊन इटलीला पळाले, त्यांनी इटालियन लोकांना ग्रीक शिकवलं आणि रेनेसान्स, म्हणजे युरोपातलं प्रबोधन, सुरू झाला. पाठ करायला सोपं आहे पण चूक आहे, आणि मला याचा खरंच त्रास होतो कारण या तीन ओळींत ग्वारिनो दा वेरोना नावाच्या माणसाची अख्खी मास्तरकी पुसून जाते.

आधी तारखा बघू. फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर (सरकारी पत्रव्यवहाराचा प्रमुख) साल्युताती याने मॅन्युएल क्रिसोलोरास या ग्रीक पंडिताला कॉन्स्टँटिनोपलहून ग्रीक शिकवायला बोलावून घेतलं, आणि तो आला १३९७ साली, म्हणजे शहर पडायच्या ५६ वर्षं आधी. पळून नाही आला, रीतसर पगारावर आला. लिओनार्दो ब्रूनी, व्हर्जेरिओ हे नावाजलेले इटालियन विद्वान त्याचे विद्यार्थी. तुर्कांचा काहीच संबंध नव्हता असं मी म्हणत नाही, तेव्हा सुलतान बायझीदचा वेढा होताच आणि बायझंटाइन सम्राट युरोपकडे मदत मागत होता, क्रिसोलोरास स्वतः त्याच कामासाठी राजदूत म्हणून फिरलेला. पण ही गोष्ट १३९० च्या दशकातली आहे, १४५३ ची नाही.

आता ग्वारिनो. जन्म १३७४, वेरोनाचा, म्हणजे इटालियन कवी पेट्रार्क वारला त्याच वर्षीचा. पेट्रार्ककडे होमरची ग्रीक पोथी होती पण ती वाचता येत नव्हती त्याला, एवढी तेव्हा ग्रीकची अडचण. ग्वारिनोने काय केलं, तर १४०३ मधे सरळ कॉन्स्टँटिनोपल गाठलं, तिथे परतलेल्या क्रिसोलोरासच्या घरी राहिला, त्याच्याकडे आणि त्याच्या पुतण्याकडे शिकला, काही वर्षांनी पोथ्या घेऊन परत आला आणि फ्लॉरेन्स, व्हेनिस, वेरोना असा शिकवत फिरला. म्हणजे पंडित पळून इकडे आले त्याच्या कितीतरी आधी विद्यार्थी तिकडे गेला होता! १४५३ उजाडलं तेव्हा हा माणूस ७९ वर्षांचा होता आणि चाळीस वर्षांहून जास्त काळ शिकवत होता.

दुसरं, पोथ्या पळताना आणल्या म्हणे. अहो, जोव्हान्नी ऑरिस्पा हा इटालियन विद्वान १४२३ मधे एकटाच २३८ ग्रीक पोथ्या घेऊन व्हेनिसला उतरला, शहर पडायच्या ३० वर्षं आधी. तिकडे जायचं, शोधायचं, विकत घ्यायचं, नकला करून घ्यायच्या, हे सगळं आधीच चालू होतं. आणि रेनेसान्स म्हणजे नुसतं ग्रीकही नव्हे, क्विंटिलियन या प्राचीन रोमन शिक्षकाचा शिक्षणावरचा पूर्ण लॅटिन ग्रंथ १४१६ मधे स्वित्झर्लंडच्या संक्त गालेन मठात पोज्जो या इटालियन विद्वानाला मिळाला, तुर्कांशी काय संबंध त्याचा?

ग्वारिनोबद्दल अजून एक गोष्ट शेअर होते, परतताना पोथ्यांची एक पेटी समुद्रात बुडाली आणि दुःखाने त्याचे केस एका रात्रीत पांढरे झाले. ही कथा त्याच्या पश्चात सांगितली गेली, आणि वाढलेला केस असा रातोरात पांढरा होतच नाही. सोडून द्या.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच, पंडित आले की विद्या आपोआप पसरली असं धरून चालणं. भाषा अशी पसरत नाही, कोणीतरी रोज वर्गात बसून घोटून घ्यावी लागते. १४२९ मधे ग्वारिनो फेराराला गेला, तिथल्या मार्क्विसच्या (शासकाच्या) मुलाचा, लिओनेल्लोचा शिक्षक झाला, पुढे तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला. घरात स्वतःची डझनाहून जास्त मुलं आणि वर राहायला असलेले विद्यार्थी. आधी अक्षरं आणि नीट वाचन, मग व्याकरण, कवी, इतिहासकार, शेवटी रोमन वक्ता सिसेरो आणि वक्तृत्व. लॅटिन व्याकरण त्याने स्वतः लिहिलं, क्रिसोलोरासचं ग्रीक व्याकरण मुलांसाठी छोटं करून दिलं. वाचताना वही जवळ ठेवायची, चांगलं सापडेल ते विषयवार उतरवून ठेवायचं, हे त्याचा मुलगा बत्तिस्ता याने १४५९ मधे वडिलांची पद्धत म्हणून लिहून ठेवलंय. हंगेरीचा पुढे कवी झालेला यानुस पानोनियस तेरा वर्षांचा असताना इथे शिकायला आला, इंग्लंडहूनही मुलं आली. आणि व्हित्तोरिनो दा फेल्त्रे, ज्याची मांतुआची शाळा पुढे एवढी गाजली, तो ग्रीक शिकला ते व्हेनिसमधे ग्वारिनोकडेच.

१४३८ मधे बायझंटाइन सम्राट स्वतः शेकडो माणसं घेऊन फेराराला धर्मपरिषदेला आला, तेव्हा दुभाष्याचं काम ग्वारिनोने केलं, कारण तोवर इटलीत ग्रीक जाणणारे घरचेच तयार झाले होते.

१४५३ नंतर लोक आले हे खरंच आहे. कॉन्स्टंटाइन लास्कारिस हा ग्रीक पंडित आला, त्याचं व्याकरण १४७६ मधे मिलानला छापलं गेलं, पूर्ण ग्रीकमधलं ते पहिलं छापील पुस्तक. मूळचा ग्रीक धर्मगुरू असलेल्या कार्डिनल बेसारिओनने ग्रीक पोथ्या वाचवायचा चंगच बांधला आणि १४६८ मधे सगळा संग्रह व्हेनिसला दिला, पण तो स्वतः इटलीत आला होता १४३८ च्या परिषदेसाठी, पळून नाही. या लोकांना इथे वाचक मिळाले, विद्यार्थी मिळाले, नोकऱ्या मिळाल्या, ते ग्वारिनोसारख्यांनी आधी जमीन नांगरून ठेवली होती म्हणून.

कॉन्स्टँटिनोपल पडलं त्याच सुमारास पोप निकोलस पाचवा याच्या सांगण्यावरून ग्वारिनोने स्ट्रेबो या प्राचीन ग्रीक लेखकाचा भूगोलाचा ग्रंथ ग्रीकमधून लॅटिनमधे आणायला घेतला. मधेच पोप वारला, तरी काम सोडलं नाही, १४५८ मधे पूर्ण केलं, वय ८४. दोन वर्षांनी फेरारातच गेला.