दादरपर्यंत टिकला तर अल्बम पास

गेली दोन-अडीच वर्षं नव्या अल्बमना मार्क द्यायची माझी एक पद्धत आहे. सकाळी डोंबिवलीहून फास्ट पकडायची, गाडी सुटली की प्ले दाबायचं आणि दादर येईपर्यंत मोबाइल पर्समधून बाहेर काढायचा नाही. गाणं पुढे ढकलायचं नाही. (लेडीज डब्यात त्या वेळी हात वर जातच नाही, त्यामुळे नियम पाळणं सोपं पडतं.) इअरफोन एकाच कानात, कारण दुसऱ्या कानाने ‘पुढे सरका गं’ ऐकावं लागतं. पाऊण तास, कधी तास. तेवढ्यात कंटाळा आला नाही तर अल्बम पास.

भाच्याचं म्हणणं, “आत्या, असं कोण ऐकतं आता? प्लेलिस्ट बनव ना.” त्याला काय सांगू, आम्ही कॅसेटची दुसरी बाजू लावायला उठणारी माणसं. पण परवा तोच म्हणाला, एकदाचं सगळं लिहून टाक. म्हणून लिहितेय. ज्यांना राग येईल त्यांनी खाली भांडावं, संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते.

सुरुवात टेलर स्विफ्टपासून, म्हणजे अर्धे लोक इथेच अनफ्रेंड करतील आणि पुढचं निवांत बोलता येईल. ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ एप्रिल २०२४मध्ये आला तेव्हा आधी सोळा गाणी आली आणि दोन तासांनी आणखी पंधरा. एकतीस गाणी! माझी गाडी सीएसएमटीला जाऊन परत कल्याणला निघाली तरी बाईंचं दुःख संपेना. त्यात पाच-सहा गाणी खरंच चांगली आहेत, पण ती शोधायची म्हणजे गव्हातले खडे वेचण्याऐवजी खड्यांतला गहू वेचायचा. मग ऑक्टोबर २०२५मध्ये ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’ आला. फक्त बारा गाणी, सोबत मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक हे निर्माते. म्हटलं चला, ताईंना कात्री सापडली. पहिलं गाणं, ‘द फेट ऑफ ओफेलिया’, लागलं आणि मी खूश. मुलुंडपर्यंत खूश होते. मग लक्षात आलं की चाली गुळगुळीत आहेत पण सांगायला नवं काही नाही. जगातली सगळ्यात यशस्वी गायिका आपल्या टीकाकारांची उणीदुणी काढतेय, हे एकदा गंमत म्हणून ठीक आहे. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात, स्ट्रीम धरून, चाळीस लाखांवर खप झाला, तो विक्रम आहे. त्यात एकाच अल्बमची वेगवेगळ्या कव्हरची, रंगांची, जोडगाण्यांची किती रूपं विकली, तेही बघा. लग्नात तीच साडी वेगवेगळ्या पिशव्यांत घालून दिल्यासारखं.

लांबीचा हा रोग एकट्या टेलरचा नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत बरीच वर्षं पैसे भरून ऐकलेल्या १,२५० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला, असा हिशेब होता. मग जितकी गाणी जास्त तितक्या स्ट्रीम जास्त. मी अकाउंट्समध्ये काम करते, हे गणित मला लगेच कळतं. रॅपर ड्रेक आणि गायक पार्टीनेक्स्टडोअर यांचा २०२५च्या व्हॅलेंटाइन डेचा अल्बम घ्या, एकवीस गाणी, सत्तर मिनिटांच्या वर. मला त्यातलं एकही आठवत नाही. पुढे.

बियॉन्सेचं मात्र वेगळं. ‘काऊबॉय कार्टर’ सत्तावीस तुकड्यांचा, ७८ मिनिटांचा. माझ्या नियमात तो सरळ नापास, कारण तो संपेपर्यंत मी फोर्टात ऑफिसखाली चहा पीत असते. पण त्या लांबीला कारण आहे. कंट्री म्हणजे गोऱ्यांचं संगीत, ही समजूत ती एकेक वीट काढून पाडते, आणि त्याला वेळ लागतो. २०२५चा अल्बम ऑफ द इयरचा ग्रॅमी तिला मिळाला त्याचं मला वाईट वाटलं नाही. तरी एक सांगते, अल्बमबद्दल आदर खूप आणि परत लावावासा क्वचितच वाटतो. काही नातेवाईक असतात तसे.

त्याच बक्षिसाच्या यादीत बिली आयलिशचा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ होता. दहा गाणी, जेमतेम ४४ मिनिटं. आधी एकही गाणं सुटं सोडलं नाही, ऐकायचा तर अख्खा ऐका. तिचा भाऊ फिनियस गाणं एका घरात सुरू करतो आणि मधेच भिंत पाडून दुसऱ्याच खोलीत नेतो. ‘लामूर दे मा वी’मध्ये शेवटी जे होतं त्याला मी पहिल्यांदा चक्क दचकले, शेजारणीला वाटलं कुणी चिमटा काढला. पास, डिस्टिंक्शनसह.

आता रॅपर केन्ड्रिक लमार. ‘जीएनएक्स’ नोव्हेंबर २०२४मध्ये न सांगता येऊन टपकला. बारा गाणी, ४४ मिनिटं. ड्रेकशी गाण्यांतून चाललेलं भांडण त्याने आधीच जिंकलं होतं, त्या भांडणातल्या ‘नॉट लाइक अस’ला नंतर पाच ग्रॅमी मिळाले. जिंकलेला माणूस हसत येईल असं वाटतं, हा अजून भडकलेला. पहिल्याच गाण्यात डेरा बारेरा या गायिकेचा आवाज येतो, ‘मारियाची’ या मेक्सिकन लोकसंगीतातली ती, आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरच्या बीटआधी ती मेक्सिकन हाक का, हे त्या शहरात कोण राहतं ते माहीत असलं की कळतं. ‘रीइनकार्नेटेड’मध्ये तो जन्मामागून जन्म सांगत देवाशी वाद घालतो. शेवटचं ‘ग्लोरिया’ प्रेमगीत वाटतं, आणि मग कळतं की प्रेयसी म्हणजे त्याची लेखणी. एवढं सगळं असून माझं मत असं की हा त्याचा सगळ्यात चांगला अल्बम नाही. मधली दोन-तीन गाणी नुसती मसल दाखवतात. पण ट्रेनमध्ये ऐकायला याच्यासारखं काही नाही. कळवा-मुंब्रा बोगद्यात ‘स्क्वॅबल अप’ लावून बघा.

मात्र हिप-हॉपमध्ये २०२५चा माझा अल्बम क्लिप्सचा, ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, क्लिप्स म्हणजे व्हर्जिनियाचे दोन सख्खे भाऊ, पुशा टी आणि मॅलिस. अर्धं आयुष्य कोकेन विकण्याबद्दल लिहिलं. मग थोरल्याला देवाची ओढ लागली, त्याने नावच ‘नो मॅलिस’ करून टाकलं आणि जोडी थांबली. सोळा वर्षांनी परत आले, सगळं संगीत फॅरेल विल्यम्सचं. एका गाण्यात केन्ड्रिकने म्हटलेला भाग कंपनीला झेपेना म्हणून ते कंपनी सोडून आले, असं पुशा टीनेच सांगितलंय. हे सगळं मला माहीत होतं, त्यामुळे मी भांडणाच्या तयारीने प्ले दाबलं.

आणि पहिलं गाणं निघालं आईवडिलांच्या मरणावर. ‘द बर्ड्स डोन्ट सिंग’. दोघेही थोड्या महिन्यांच्या अंतराने गेले. धाकटा आईबद्दल बोलतो. ती आतून आवराआवर करत होती, आडून आडून सांगत होती, आणि हा मोबाइलमध्ये आपल्याबद्दल कोण काय म्हणतंय ते बघत होता. थोरला वडिलांबद्दल बोलतो. गाडी दारात उभी, म्हणजे बाबा घरात. दार वाजवतो. परत वाजवतो. तिसऱ्यांदा वाजवताना त्याला कळतं.

कुठेही आवाज चढवत नाहीत. पोलिसाला जबाब द्यावा तसं सांगतात. माझे बाबा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांनी फोनवर मला बँकेच्या लॉकरची किल्ली कुठे आहे ते तीन वेळा सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, हो हो, कळलं, मीटिंगमध्ये आहे.

ठाण्याच्या अलीकडे मी रडायला लागले. चौथ्या सीटवर रोज बसणाऱ्या काकू भाजी निवडत होत्या, त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “काय गं, घरी काही झालं?” म्हटलं, नाही, गाणं ऐकतेय. “लताबाईंचं?” म्हटलं, नाही, दोन माजी गुंडांचं. त्यांनी मला डब्यातली खोबऱ्याची वडी दिली आणि परत मेथी घेतली.

बाकीच्या अल्बमात ते आहेत तसेच आहेत, तीच कोकेनची रूपकं, तोच तोरा. काही जण म्हणतात पन्नाशीत हे शोभत नाही. मला उलट वाटतं. पहिल्या गाण्यानंतर तो तोरा वेगळाच ऐकू येतो, आता याला कुणी विचारणारं उरलं नाही असा.

‘टायलर, द क्रिएटर’ या रॅपरबद्दल थोडक्यात. ‘क्रोमाकोपिया’त त्याची आई मधे मधे बोलते, ती मला त्याच्यापेक्षा जास्त आवडली. त्यानंतर सोमवारी सकाळी येऊन पडलेला ‘डोन्ट टॅप द ग्लास’ अठ्ठावीस मिनिटांचा, नुसता नाचायचा. त्याने लिहिलं होतं की मित्र चारचौघांत नाचत नाहीत, कुणी शूट करेल म्हणून. हे वाचून मला आमच्या गल्लीतलं विसर्जन आठवलं. पूर्वी बायका ढोलापुढे बेभान व्हायच्या, आता आधी कॅमेरा कुठे आहे ते बघतात. अल्बम घाटकोपरला संपतो, म्हणून दोनदा ऐकते.

रोझालियाचा ‘लक्स’ ट्रेनसाठी नाही. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, डझनभराहून जास्त भाषा, आणि विषय संत स्त्रिया. एखाद्या पॉप गायिकेने इतकं धाडस करावं याचं कौतुक आहे. मला ऐकताना सतत जनाबाई आठवत राहिली, आणि वाटलं की देवाशी एवढं भव्य बोलायला जनाबाईला जातं पुरलं होतं. रविवारी घरी ऐका.

आता सगळ्यात लाडका. बॅड बनीचा ‘देबी तिरार मास फोतोस’, म्हणजे ‘अजून फोटो काढायला हवे होते’. जानेवारी २०२५. कव्हरवर माणूस नाही, केळीच्या झाडांपुढे दोन रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मला स्पॅनिश येत नाही, ओळींचं भाषांतर मी संध्याकाळच्या गाडीत वाचलं. पण सकाळी, काही न कळता, तो पास झाला होता.

हा माणूस रेगेटॉन या लॅटिन नाचगाण्याने जगभर नाव कमावून बसला होता. तेच चालू ठेवलं असतं तर कुणी विचारलं नसतं. त्याने उलटं केलं, आपल्या बेटावर, प्वेर्तो रिकोला, परत गेला. साल्सा आणली ती संगीतशाळेतल्या मुलांना घेऊन वाजवली. प्लेना आणली. प्लेना म्हणजे हातात धरायच्या डफांवरचं लोकगाणं, आणि तिकडे तिला ‘गायलेलं वर्तमानपत्र’ म्हणतात. हे वाचलं आणि मी ताठ बसले. अहो, हे तर आपल्या शाहिराचं काम! ‘लो के ले पासो आ हवाई’ या गाण्यात तो म्हणतो, हवाईचं जे झालं ते माझ्या बेटाचं होऊ नये. बाहेरचे येतात, किनारा घेतात, घरातला माणूस परका होतो. माझं आजोळ गुहागरकडचं. यावर जास्त लिहीत नाही.

त्या उन्हाळ्यात त्याने सान हुआनमध्ये एकतीस कार्यक्रम केले, पैकी पहिले नऊ फक्त बेटावरच्या लोकांसाठी. आणि २०२६च्या ग्रॅमीत हाच अल्बम ऑफ द इयर, पूर्ण स्पॅनिश अल्बमला पहिल्यांदाच. इंग्रजीत एक ओळ घुसवली तर जग ऐकेल, असं आपल्याकडे ज्यांना वाटतं त्यांनी हे फ्रिजवर चिकटवावं.

आपल्याकडचं बोलू. रॅपर हनुमानकाइंडच्या ‘बिग डॉग्ज’च्या व्हिडिओतल्या मौत का कुआंने सगळ्यांना हलवलं, ‘रन इट अप’मध्ये केरळचा चेंडा हा ढोल आहे आणि व्हिडिओत आपला मर्दानी खेळ. पण ‘मॉन्सून सीझन’ हा मिक्सटेप मला अर्धाच भिजवून गेला. चेंडा वाजतो तेव्हा हा गडी कुठला आहे ते कळतं, बाकी वेळी तो ह्यूस्टनचा कुणीही असू शकतो. ‘सीधे मौत’ या दिल्लीच्या जोडीचा २०२२चा ‘नायाब’ अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. हिंदी रॅपमध्ये अख्खा अल्बम म्हणून बांधलेलं इतकं घट्ट काम मी दुसरं ऐकलं नाही.

आणि मराठी? ‘गुलाबी साडी’ला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, जळगावकडचा संजू राठोड हुक, म्हणजे डोक्यात बसणारी ओळ, लिहितो, भल्याभल्यांना जमत नाही ते. ‘तांबडी चामडी’वर मी स्वतः नाचलेय, कॅमेरा असूनही. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप गटाने आरेच्या प्रकाश भोईरांना घेऊन केलेलं ‘द वारली रिव्होल्ट’ आणि अमरावतीच्या हंड्रेड आरबीएच या रॅपरची वऱ्हाडी ऐका, जीभ कशी चालते बघा. पण हे सगळं सुटं सुटं. दादरपर्यंत एका माणसाच्या, एका गावाच्या जगात मला कोंडून ठेवेल असा नव्या मराठी रॅपचा अल्बम अजून माझ्या हाती लागलेला नाही. जमत नाही असं म्हणू नका. ‘गारवा’ची कॅसेट आठवा, मिलिंद इंगळे आणि सौमित्र. एकच विषय पाऊस, गाण्यांच्या मधे कविता, आणि आम्ही ती उलटसुलट करत झिजवली. तेव्हा कॉन्सेप्ट अल्बम हा शब्दही आम्हाला माहीत नव्हता. वऱ्हाडीत एक अल्बम, कापसाच्या एका हंगामाचा, पेरणीपासून मार्केट यार्डापर्यंत. करा ना कुणीतरी. बारा गाणी पुरेत, एकतीस नकोत.

भाचा म्हणाला, शेवटी रेटिंग दे, लोक तेच वाचतात. नाही देत.

काकूंना मात्र मी गेल्या आठवड्यात दुसरा इअरफोन दिला. केन्ड्रिकला म्हणाल्या, हा फार भांडतो. बिलीला म्हणाल्या, पोरीला बरं नाहीये का. मग बॅड बनीचं ते प्लेनावालं गाणं लावलं. भायखळा गेलं तरी त्यांनी इअरफोन परत दिला नाही. काल सकाळी गाडीत चढल्या चढल्या पिशवी रॅकवर टाकत म्हणाल्या, “ते डफवालं लाव गं. आणि माझ्याकडे त्याचं नाव लिहून दे, सुनेला मोबाइलवर टाकायला सांगते.”