‘एक गोळी, गॅस्ट्रो गायब’: त्या फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गॅस्ट्रो हा पावसाळ्यातला, घाण पाण्याचा आजार. पाणी उकळून प्या, हातांना सॅनिटायझर लावा. तरी झालाच तर पहिल्याच दिवशी नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोलची अँटिबायोटिक गोळी घ्या, मुलांना अर्धी द्या. पोटाला आराम म्हणून दूध-जेवण बंद. बाळाला रोटाव्हायरसच्या लसीचा डोस दिलाय? मग काळजीच नको.

पाणी उकळा, हे बरोबरच. पण गॅस्ट्रो पावसाळ्यापुरता नसतो. लहान मुलांना गॅस्ट्रो करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूचा जोर आपल्याकडे उलट थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत जास्त असतो. गॅस्ट्रोच्याच दुसऱ्या विषाणूला, नोरोव्हायरसला, तर गढूळ पाणीही लागत नाही. त्याचे मोजके कण पोटात गेले तरी पुरतात, आणि तो लहानमोठा बघत नाही. नातवाला झाला की दोन दिवसांत आजी आडवी, हे त्यामुळेच. पोराने हॉलमध्ये उलटी केली, ती लादी पुसायच्या फडक्याने पुसली आणि त्याच फडक्याने स्वयंपाकघर पुसलं, तर उकळलेल्या पाण्याचा हंडा काय करणार? उलटी आधी कागदाने उचलायची, पिशवीत बांधून टाकायची. मग 4-5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच), लिटरभर पाण्यात 25 मिली, दहा मिनिटं लादीवर राहू द्यायचं. संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

सॅनिटायझरची सवय कोविडने लावली. त्या विषाणूला चरबीचं आवरण होतं, अल्कोहोल ते फोडायचं. नोरो आणि रोटाला तसं आवरणच नाही, आणि नोरोपुढे तर सॅनिटायझर फारच तोकडं पडतं. साबण, वाहतं पाणी, वीस सेकंद. उलट्या-जुलाब थांबल्यावरही विषाणू शौचातून बरेच दिवस बाहेर पडत राहतो. म्हणून निदान 48 तास मुलाला शाळेत पाठवू नका, आणि आजारी माणसाने पोळ्या लाटू नयेत.

आता ती गोळी. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. रोटा, नोरो, ॲस्ट्रो किंवा ॲडिनोव्हायरसचे 40 आणि 41 हे प्रकार, यांच्यावर तिचा काडीचा परिणाम नाही. मग ‘मला तर लगेच गुण आला’ असं लोक का सांगतात? नोरोचा गॅस्ट्रो बहुधा एक ते तीन दिवसांत आपणहून ओसरतो. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. ‘मुलांना अर्धी’ हा सल्ला तर संतापजनक आहे. नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं मुलांना डॉक्टरही जपूनच देतात. जुलाब बंद करणारं लोपरामाइड लहान मुलांना अजिबात नको.

मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. रोटाव्हायरस लहान आतड्याच्या आतल्या बारीक लव्हाळीसारख्या अंकुरांची टोकं खराब करतो, त्यामुळे पाणी शोषलं जात नाही. तरी साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात मिळून गेलं, तर ते पाण्याला आत ओढून घेतं. ओआरएसचं, म्हणजे पाकिटातल्या साखर-क्षारांच्या पाण्याचं, सगळं काम एवढंच, म्हणून माप महत्त्वाचं. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच, पूर्ण. चिमूटभर पेल्यात टाकून उरलेलं दुमडून ठेवणं बंद करा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून ‘लागू पडत नाही’ असं समजू नका. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावातून तो शब्दच काढायला लावला.

दूध-जेवण बंद? अंगावरचं दूध तर मुळीच तोडू नका. मऊ भात, वरण, खिचडी, जे जाईल ते द्या. डॉक्टरांनी दिलेलं झिंक 14 दिवस पुरं करा.

रोटाचे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना जरूर द्या, पालिकेच्या दवाखान्यात ते मोफत मिळतात. पण ती लस मुख्यतः रोटाचा गंभीर आजार टाळते. नोरोवर बाजारात लसच नाही.

डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलं, पाणीही पोटात ठरत नाही, किंवा शौचात रक्त दिसलं, तर ग्रुपवर विचारत बसू नका. थेट रुग्णालयात न्या, मध्यरात्र असली तरी.